पाच शब्दांची उजळणी

पंधरा ऑगस्टला शाळेच्या मैदानावर पोरं हसली तेव्हा ठमाबाईही हसली होती. त्या हसण्याची तिला पुढे कितीतरी दिवस लाज वाटत राहिली.

तिचे यजमान दत्तात्रेय गाणेकर बोर्ली पंचतनजवळच्या त्या शाळेत एकतीस वर्षं पी.टी.चे शिक्षक होते. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी पंचक्रोशीत त्यांना 'सर' म्हटलं की दुसरं कुणी डोळ्यांपुढे यायचं नाही. यंदा नव्या मुख्याध्यापकांनी घरी येऊन आग्रह केला, की झेंडावंदनाच्या कवायतीला आज्ञा सरांनीच द्यावी. सरांनी पांढरी पँट स्वतः इस्त्री केली, शिटीला नवी दोरी ओवली.

"सावधान!" म्हणाले तेव्हा आवाज तोच होता. मागच्या रांगेतली पोरंसुद्धा ताठ झाली. "दहिने मुड!" पोरं वळली. "दहिने मुड!" पुन्हा वळली. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा तीच आज्ञा. पोरं गरकन फिरून होती तिथंच आली. पाचव्यांदा खसखस पिकली. ठमाबाईला वाटलं, सर पोरांची गंमत करतायत. पदर तोंडाला लावून तीही हसली. मग तिची नजर सरांच्या चेहऱ्यावर गेली. ते हसत नव्हते. अंधारात हात पुढे करून माणूस भिंत चाचपतो, तसे ते पुढचा शब्द शोधत होते. आठव्यांदा "दहिने मुड" झालं, तेव्हा नवीन पी.टी. शिक्षक पुढे आला आणि त्यानं हळूच "विश्राम" म्हटलं.

घरी येताना सर एवढंच म्हणाले, "ऊन फार होतं."

"व्हय, ऊन लय व्हतं," ठमाबाई म्हणाली. आभाळ सकाळपासून भरलेलं होतं.

ठमाबाई मूळची म्हसळ्याकडच्या आतल्या गावची. भात लावणाऱ्या घरातली, शाळा चौथीपर्यंत. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन आली. घरचे भाताचे दोन तुकडे तिनं सांभाळले, वाल आणि काकड्या पाटीत घालून बोर्लीच्या बाजारात नेल्या, मुलगा प्रज्योत वाढवला. सर कबड्डीचे संघ घेऊन कधी अलिबाग, कधी महाड, कधी रोहा असे फिरायचे. एकदा संघ जिल्ह्याच्या शेवटच्या सामन्यापर्यंत पोचला होता, आणि आदल्या दिवशी सरांना कळलं की आपल्याच एका खेळाडूचा वयाचा दाखला खोटा आहे. त्यांनी संघ मागे घेतला. गावानं शिव्या घातल्या, पोराचा बाप अंगावर धावून आला. सर म्हणाले, "खोट्यानं जिंकायचं असेल तर घरी बसलेलं बरं." अशा माणसाची बायको असल्याचा ठमाबाईला मनातून मोठा अभिमान होता. तोंडानं ती म्हणायची, "यास्नी येव्हार कळत न्हाय."

विसरण्याची सुरुवात तशी दोन वर्षांमागचीच. सरांनी गॅसवर ठेवलेलं दूध दोनदा जळालं. बाजारात एकाच कोळणीला बोंबलांचा भाव तीनदा विचारला. प्रज्योतला फोनवर स्वतःच्या धाकट्या भावाच्या नावानं हाक मारली, आणि तो भाऊ जाऊन सात वर्षं झालेली. ठमाबाई म्हणायची, वय झालं. पण कवायतीनंतर तिला तसं म्हणवेना.

आरोग्य उपकेंद्रातली सुचिता पुढच्या आठवड्यात रक्तदाब तपासायला घरी आली. ती सरांचीच विद्यार्थिनी, खो-खोच्या संघातली. तिनं सांगितलं, मुंबईच्या एका कॉलेजचे डॉक्टर साठीच्या पुढच्या माणसांसाठी कार्यक्रम घेऊन आलेत. आधी स्मरणशक्तीची चाचणी, मग सहा महिने व्यायाम, मग पुन्हा चाचणी.

"सर, तुम्ही आलात तर बाकीचेही येतील," ती म्हणाली. बोलावण्याचं खरं कारण तिनं झाकून घेतलं, हे तिघांनाही कळलं.

चाचणीच्या दिवशी ठमाबाई उपकेंद्राच्या दारातल्या बाकावर बसली. दार उघडंच होतं. सुचितानं सरांना सांगितलं, "मी पाच शब्द सांगते. लक्षात ठेवा. थोड्या वेळानं विचारीन. नांगर, आरसा, लिंबू, देऊळ, घोडा."

सरांनी ते लगेच म्हणून दाखवले. मग तारीख विचारली, वार विचारला. शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं. सर त्र्याण्णवपर्यंत झरकन आले, शहाऐंशीला अडखळले आणि पुढे गप्प झाले. घड्याळ काढायला दिलं तर गोल सुरेख काढला, पण बाराही आकडे एका बाजूला दाटीवाटीनं बसवले.

"आता मघाचे पाच शब्द?"

"नांगर," सर म्हणाले. मग खिडकीबाहेर बघितलं. "नांगर... आणि..."

बाकावर बसलेल्या ठमाबाईच्या ओठांवर बाकीचे चारही शब्द आपोआप येऊन बसले होते. तिला ते गिळताना त्रास झाला.

तिसात बावीस गुण पडले. मुंबईच्या डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून नीट समजावलं. हे वेड नव्हे. वयाच्या विसरण्यापेक्षा जास्त आहे, पण रोजचे व्यवहार चालतायत, म्हणून याला अजून मोठा आजारही म्हणता येत नाही. काहींचं इथंच थांबतं, काहींचं थोडं सुधारतं, काहींचं पुढे जातं. व्यायामानं काही जणांना फायदा होताना दिसतो, वचन मात्र देता येत नाही. एप्रिलमध्ये मुंबईला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेऊन डोक्याचा फोटो काढून घ्यावा, असंही ते म्हणाले आणि चिठ्ठी दिली.

"मला व्यायाम सांगतायत," बाहेर आल्यावर सर म्हणाले. चार पावलांवर थांबले. "ठमे, काय होते गं ते शब्द?"

"नांगर, आरसा, लिंबू, देऊळ, घोडा," ठमाबाईनं एका दमात सांगितलं.

"पुन्हा सांग."

तिनं पुन्हा सांगितले. घर येईपर्यंत नऊ वेळा सांगितले. तो दिवस आणि पुढचे सहा महिने, एक दिवस खंड पडला नाही.

सोमवार, बुधवार, शुक्रवार उपकेंद्राच्या अंगणात अकरा म्हातारी माणसं जमायची. खुर्चीतून हात न टेकता उठायचं, बसायचं. वाळू भरलेल्या बाटल्या खांद्यापर्यंत उचलायच्या. फरशीवर आखलेल्या रेघेवरून टाचेला पाऊल लावत चालायचं. सुचितानं आकडे म्हणायचं काम सरांना दिलं. "एक, दोन, तीन, चार" म्हणताना सर दहा वर्षांनी लहान दिसायचे. शेजारच्या वाडीतली ऐंशी वर्षांची म्हातारी म्हणाली, "मास्तर, शालंत न्हाय शिकलो तुमच्याकडं, ती हौस फिटली."

बाकीच्या दिवशी पाऊण तास भरभर चालायचं. ठमाबाईही बरोबर निघायची. जन्मात ती रिकाम्या हातानं रस्त्यावरून चालली नव्हती. डोक्यावर पाटी नाही, काखेत भारा नाही, नुसतं दिवेआगरच्या वाटेनं सुपारीच्या बागांच्या कडेकडेनं जायचं आणि परत यायचं, याची तिला पहिले पंधरा दिवस चोरी वाटली. कुणी विचारलं, "कुठं निगालाव?" तर ती म्हणायची, "कुठं न्हाय," आणि पदर सारखा करायची.

चालता चालता उजळणी व्हायची. "आज वार?" "बुधवार." "तारीख?" सकाळी निघायच्या आधी ती कॅलेंडर बघून घ्यायची, कारण तिलाही कुठं कधी तारीख लागली होती? मग शंभरातून सात. "शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट," सर पावलांच्या ठेक्यावर म्हणायचे, पोरांच्या पाढ्यासारखं. बागेच्या बांधाशी थांबून काठीनं मातीत घड्याळ काढायचे. आधी बारा, मग सहा, मग तीन, मग नऊ, ही युक्ती ठमाबाईनंच शोधली होती. शेवटी पाच शब्द. डिसेंबरपर्यंत सर ते झोपेतून उठवलं तरी म्हणू लागले.

ही लबाडी आहे हे तिच्या मनात आलं नव्हतं असं नाही. पण नापास होणाऱ्या पोराचा अभ्यास आई घेते, त्याला लबाडी कोण म्हणतं? आणि फरक तर दिसत होता. सरांना झोप नीट लागत होती, साखर खाली आली होती, जिना चढताना दम लागत नव्हता. स्वभावही निवळला. एकदा त्यांनी बाजारात स्वतःहून तिला गजरा घेतला, जो त्यांनी चव्वेचाळीस वर्षांत घेतला नव्हता. त्याच दिवशी परतताना त्यांनी विचारलं, "आपला प्रज्योत हल्ली कुठं असतो गं?" ठमाबाईनं सांगितलं, पनवेलला. गजऱ्याचं तिनं लक्षात ठेवलं, प्रश्नाचं ठेवलं नाही.

मार्चअखेरीस दुसरी चाचणी झाली. सुचितानं तोच कागद समोर ठेवला, तेच पाच शब्द सांगितले. सरांनी घड्याळ असं काढलं, की भिंतीवर लावावं. सात वजा करताना पासष्टच्या पुढेही गेले असते, सुचितानंच थांबवलं. शब्द विचारायच्या आधीच त्यांनी म्हणून टाकले.

तिसात सत्तावीस.

सुचिताच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं दोघांचा फोटो काढला. अंगणातल्या बाकीच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. मुंबईचे डॉक्टर तेवढे कागद उलटसुलट करून म्हणाले, "इतकी सुधारणा? छान. तरी एप्रिलची तारीख चुकवू नका." सर ताठ उभे होते. ठमाबाईला त्यांच्या डोळ्यांत आनंद दिसेना. ते तिच्याकडे बघत होते, चोरी पकडली जाईल म्हणून भ्यालेला पोरगा बघतो तसे. घरी आल्यावर म्हणाले, "ठमे, मी कॉपी केली काय गं?"

"कॉपी कसली? पाठ केलंत. पाठ केल्याबिगर कोन पास व्हतं?"

त्या रात्री ते जेवले नाहीत.

फोटो गुणांसकट प्रज्योतपर्यंत पोचला. तो उरणकडे कंटेनरच्या यार्डात सुपरवायझर होता. एप्रिलच्या तारखेसाठी त्यानं दोन दिवसांची रजा मोठ्या मिनतवारीनं मिळवलेली. त्यानं फोन केला. "आई, सत्तावीस म्हणजे नॉर्मलच की! मग मुंबईला कशाला फरफटवायचं त्यांना? रजा पावसाळ्यात ठेवतो, लावणीला येईन. आणि स्कूटीची चावी देऊन टाक त्यांना आता. किती दिवस डांबून ठेवणार?"

सांगायची वेळ तीच होती. ठमाबाईनं तोंड उघडलंही. पण सर समोरच ओटीवर बसून ऐकत होते. त्यांच्यादेखत पोराला काय सांगायचं? सर खोटे आहेत? "बरं," ती म्हणाली, आणि पहिल्या चाचणीनंतर तांदळाच्या डब्यात लपवलेली चावी काढून तिनं त्यांच्या हातात दिली.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी सर नारळ सोलणाऱ्याला बोलवायला म्हणून स्कूटीवर गेले. अर्ध्या तासाचं काम. दुपार झाली, जेवण निवून गेलं. चार वाजता दिघीहून फोन आला. जेटीवर गाड्या लावून घेणारा चंदर बोलत होता, तोही सरांच्या हाताखालून गेलेला.

"काकी, सर हितं हायेत. घाबरू नका, लागलं-बिगलं न्हाय. पन तुमी या."

शेजारच्या रिक्षातून ठमाबाई दिघीला पोचली. चंदरनं सांगितलं ते असं. सर सकाळी दहाच्या फेरीला स्कूटीसह बोटीवर चढले. खाडीपलीकडे आगरदांड्याला उतरले नाहीत, तसेच परत आले. पुन्हा गेले, पुन्हा आले. चौथ्या फेरीला त्यानं विचारलं, "सर, कुठं जायचंय?" सर म्हणाले, "मुरुडला मॅच आहे. पोरं मागनं येतायत. ती आल्याशिवाय मी कसा उतरू?"

सर जेटीच्या कठड्यापाशी उन्हात उभे होते. शर्ट घामानं चिकटलेला. ठमाबाई जवळ गेली, तसे ते तिच्याकडे बघून ताठ झाले. ओळखलं की नाही, तिला कळेना. तिनं काही विचारलं नव्हतं. त्यांनी आपणहून, स्पष्ट आवाजात म्हटलं, "नांगर, आरसा, लिंबू, देऊळ, घोडा."

चंदर हसला. त्याला वाटलं, उन्हानं काहीतरी बरळतायत. ठमाबाईनं आधी स्कूटीची चावी काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच उपकेंद्रात गेली आणि सुचितासमोर सगळं ओतून मोकळी झाली. गजऱ्याच्या दिवशीचा तो प्रश्नसुद्धा सांगितला. सुचिताला राग यावा, तिनं चार शब्द सुनवावेत, असं ठमाबाईला फार वाटत होतं.

"काकी, चूक माझी आहे," सुचिता म्हणाली. "दुसऱ्या वेळी दुसरा कागद वापरायचा असतो. वेगळे शब्द असतात त्याच्यावर. तो कागद माझ्या खणात होता. मी विचार केला, सरांना आधीचाच सोपा जाईल."

आठवड्यानं तिनं दुसऱ्या कागदावर चाचणी घेतली. शब्द वेगळे होते. सरांनी ऐकून घेतले, मान हलवली आणि विचारल्यावर जुनेच पाच म्हणून दाखवले. तिसात सोळा. वर्ष विचारलं तर वीस वर्षांमागचं सांगितलं. उपक्रमाच्या वहीतलं ते सत्तावीस सुचितानं डॉक्टरांना कळवून रद्द करून घेतलं.

जूनमध्ये प्रज्योतनं लावणीची रजा मुंबईसाठी वापरली. मेंदूचा फोटो निघाला. तिथल्या डॉक्टरांनी आजाराचं नाव घेतलं, आणि हेही सांगितलं की हा आता हलका विसर राहिलेला नाही. गोळ्यांनी वेग थोडा कमी झाला तर झाला.

"एप्रिलात आलो असतो तर?" ठमाबाईनं विचारलं. हा एकच प्रश्न तिनं पनवेलपासून मनात धरून आणला होता.

"बरे झाले नसते," डॉक्टर म्हणाले. "तुम्हाला दोन महिने आधी कळलं असतं, एवढंच."

तिला वाटलं होतं, या उत्तरानं ओझं तरी उतरेल. उतरलं नाही. चूक आपली असती तर देवापुढे नाक तरी घासता आलं असतं. इथं तेही नव्हतं. बाहेर आल्यावर प्रज्योत म्हणाला, "आई, तू मला एकदा तरी सांगायचं होतंस," आणि गाडी सुरू केली.

त्यानं दोघांना पनवेलला ठेवून घेतलं. दोन खोल्या, सातवा मजला. सून मृणाली सकाळी आठला कामावर जायची, संध्याकाळी सातला यायची, तरी तिनं काही कमी केलं नाही. पण सर दिवसभर दाराशी उभे राहून कडी खालीवर करायचे, कुणी अडवलं तर हात उगारायचे. अकराव्या दिवशी त्यांनी मृणालीला ढकललं आणि तिचा हात टेबलाच्या कडेवर आपटला. तिनं तक्रार केली नाही. ठमाबाईनंच पिशवी भरली.

"आमाला घरी सोड," ती प्रज्योतला म्हणाली. "तितं निदान दाराभायर अंगन तरी हाय."

आता वर्ष होत आलंय. सरांना शिटी कुठं फुंकायची ते कळत नाही, सदऱ्याची बटणं लावता येत नाहीत. तोंडात घास धरून बसतात, गिळायचं सांगावं लागतं. ते पाच शब्दही कधीच गेले. पण पाय विसरलेले नाहीत. सकाळ झाली की निघायचं असतं. परवा सुचितानं रक्तदाब तपासला, छातीला नळी लावली आणि सवयीनं म्हणून गेली, "काकी, सरांचं हृदय पन्नाशीच्या माणसासारखं आहे. व्यायामाचा गुण." बोलल्यावर तिचं तिलाच कळलं आणि ती नळी गुंडाळत बसली.

ठमाबाईनं मनाशी हिशेब केला. सर सत्तर, आपण चौसष्ट. सरांचे वडील ब्याण्णव वर्षं जगले. आपला डावा गुडघा गेल्या दिवाळीपासून सुजलेला, डॉक्टर म्हणतात बदलावा लागेल. बदलायला गेलं तर तेवढे दिवस यांना कोण बघणार?

तरी ती रोज त्यांच्याबरोबर निघते. ते पुढे, ती मागे. पूर्वी ते तिच्यासाठी थांबायचे. आता ती लंगडत पन्नास पावलं मागे पडली की त्यांना कळतही नाही, मग ओळखीचं कुणी दिसलं तर ती ओरडते, "अवो, त्यास्नी जरा धरा!" लोक धरतात. पहिल्यासारखं कुठं निघालात म्हणून विचारत नाहीत.

काल वाटेत ती बागेच्या बांधावर बसली. गुडघ्यात कळ आली होती. कधी नव्हे ते सर मागे वळले, परत आले आणि तिच्यासमोर उभे राहिले. चव्वेचाळीस-पंचेचाळीस वर्षं त्यांनी तिला ठमी, ठमे म्हणून हाक मारली होती. रागात असले तर नुसतं 'ए'.

"बाई," सर अदबीनं म्हणाले, "तुम्हाला बरं नाही का? तुमच्या घरचं कुणी आहे का बरोबर?"

ठमाबाईनं त्यांच्याकडे बघितलं. दाढी दोन दिवसांची, सदरा उलटा.

"हायेत," ती म्हणाली. "म्होरं गेल्यात."

सरांनी मान डोलावली, आणि ते पुन्हा चालू लागले. ती गुडघ्यावर हात रेटून उठली आणि त्यांच्या मागून निघाली.